चेपलेला उजेड

मंजूला चित्रकला-बित्रकला काही शिकायची नव्हती. तिला रामसिंग मुकादमाचं वाटोळं करायचं होतं, आणि त्यासाठी काय शिकावं लागतं ते तिला ठाऊक नव्हतं. तालुक्याच्या गावी, मानोऱ्यात, कुणी जादूटोण्याचे वर्ग काढले असते तर ती तिथंही गेली असती. पण निघाले ते चित्रांचे.

एका संस्थेनं बंजाऱ्यांच्या तांड्या-तांड्यांतल्या बायांना भिंतीवर खुणा रंगवायला शिकवायचं ठरवलं होतं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं की हा दवाखाना, हे प्यायचं पाणी, इथं बाळाला लस मिळते. बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंनी मंजूचं नाव घातलं, कारण ती आठवीपर्यंत शिकलेली. आणि मंजू गेली, कारण घरात बसून तिचं डोकं फुटायची वेळ आली होती.

डोकं का फुटत होतं ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला वेड्या बाईचं खूळ वाटेल.

दसरा उलटला की इकडचे तांडे निम्मेअधिक रिकामे होतात. ट्रक येतात आणि नवरा-बायकोच्या जोड्या ऊस तोडायला दूरच्या कारखान्यांवर निघून जातात. अशा जोडीला कोयता म्हणतात. बाई सोबत नसलेला गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला कुणी हुंगत नाही. अशा कोयत्यांची टोळी जमवून नेणारा तो मुकादम. रामसिंग या पट्ट्यातला नावाजलेला मुकादम होता. पांढरे कपडे, गळ्यात रुमाल, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं हा आपला मामा. तांड्यात कुणाचं लग्न निघालं की पहिलं निमंत्रण त्याला.

उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या घालून टोळी राहते. तिथं न्हाणीघर कुठलं? बाया उजाडायच्या आत उठतात, कोपीमागं दोन काठ्यांना लुगडं बांधतात आणि त्या आडोशाला अंगावर पाणी घेतात. आणि नेमक्या त्या वेळी, कधी या कोपीमागं तर कधी त्या, बॅटरीचा उजेड पडायचा. आधी लुगड्यावर, मग लुगड्याच्या वरून आत. आवाज नाही, खोकला नाही. उजेड मनाला येईल तोवर थांबायचा आणि विझायचा. टोळीतल्या बायांना हे ठाऊक होतं, पण प्रत्येकीला फक्त आपलं आपलं ठाऊक होतं. एकीनंही दुसरीपाशी तोंड उघडलं नव्हतं. उघडी दिसली ती बाई, मग लाजही तिचीच, असा आपल्याकडचा सरळ हिशेब आहे. आग लागो त्या हिशेबाला.

गेल्या हंगामात मंजूनं नणंदेला सोबत नेलं होतं. रंजीता नुकती कुठं वयात आलेली, लग्न ठरलेली, हसायला लागली की थांबायची नाही अशी पोर. एका पहाटे तो उजेड तिच्यावर पडला. ती घाबरली आणि ओल्या अंगानं फडात पळत सुटली. तोडलेल्या उसाची खुंटं विळ्याच्या टोकासारखी वर आलेली असतात. एक खुंट तिच्या तळपायात घुसलं, ती सरीत आडवी पडली आणि पायाचं हाडही मोडलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. आता ती लंगडत चालते. हसत तर नाहीच.

मंजू तेव्हा चुलीपाशी होती. तिनं लुगड्यावरचा उजेड पाहिला. ती ओरडत धावली तसा तो तिच्या डोळ्यांवर आला आणि मग विझला. पहाटेच्या वेळी बॅटरी घेऊन फिरणारा माणूस सबंध टोळीत एकच होता. गड्यांना उठवायच्या निमित्तानं रामसिंगच फिरायचा.

तांड्यात परतल्यावर नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. मधोमध नायक फुलसिंग, भोवती म्हातारे, आणि बाया लांब, भिंतीला टेकून. फुलसिंग माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं कोर्टासारखं लागायचं.

"मंजू, तू त्याचं तोंड पायलं काय?"

"उजेड माह्या डोयात होता, नायक. बॅटरीच्या मांगचं कसं दिसन?"

"म्हंजे नाई पायलं."

"तोंड नाई पायलं, पण..."

"मंग झालं," फुलसिंग म्हणाला.

रामसिंगनं हात जोडले. आवाज तर असा काढला की जणू त्याचंच काही लुटलं गेलं होतं. "पोरगी अंधारात कोनाले भेटाले गेली असन. पाय मोडला तं माह्यावर नाव. मी तिले पोरीवानी वागोलं, नायक."

बस. तेवढ्या एका वाक्यानं रंजीताचं लग्न मोडलं. नसाबीनं निकाल दिला की खोटं नाव घेतल्याबद्दल रंजीताच्या भावानं मुकादमाचे पाय धरावेत. भाऊ म्हणजे मंजूचा नवरा, नवीन. त्यानं सगळ्या तांड्यादेखत रामसिंगचे पाय धरले. रामसिंगनं त्याला उठवून छातीशी धरलं, आणि नवीनच्या खांद्यावरून मंजूकडे बघून तो हसला. तो हसला तेव्हा मंजूनं ठरवलं की या माणसाच्या ट्रकमध्ये एकही बाई चढता कामा नये. तांड्या-तांड्यांतून याला तोंड लपवत हिंडायला लावायचं. कसं, ते ठरलं नव्हतं.

तर अशी ही बाई मानोऱ्यातल्या त्या खोलीत पाय दुमडून बसली होती आणि पुढ्यात एक स्टीलचा लोटा ठेवलेला होता.

शिकवायला वर्षाराणी मॅडम होत्या, कारंज्याच्या. अंगानं बारीक, पण जीभ तिखट. "पेन्सिल कागदावर टेकवा," त्या म्हणाल्या. "आता कागदाकडे बघायचं नाही. बघायचं फक्त लोट्याकडे. लोट्याच्या कडेवरून डोळा हळूहळू चालवा, आणि डोळा चालेल तशी पेन्सिल चालवा. मधे उचलायची नाही. डोळा थांबला की हात थांबला पाहिजे."

बायांनी जे काढलं ते बघून मॅडमना हसू आवरेना. मंजूचा लोटा म्हणजे बैलाच्या पायाखाली आलेलं वांगं. मग बायांनी चोरून कागदाकडे बघितलं आणि सगळ्यांचे लोटे एकदम छान, गोल, एकसारखे झाले. मॅडमनी ते एकीकडून गोळा केले.

"हे नको मला. हे तुम्ही लोटा बघून काढलं नाही. लोटा कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे, ते काढलं. या लोट्याला इथं पोचा पडलाय, तो पोचा कुणाच्याच कागदात नाही. माहीत आहे ते सोडा. दिसतंय ते काढा."

मंजूनं ते शेवटचं वाक्य मनात धरून ठेवलं. का, ते तिला तेव्हा उमगलं नाही. मात्र त्या दिवसापासून ती पेटल्यासारखी काढायला लागली. पळी काढली, कंदील काढला, हापसा काढला, स्वतःच्या पायाचा अंगठा काढला. बाकीच्या बाया चहाच्या वेळेला उठायच्या, मंजू उठायची नाही. मॅडमना वाटलं हिला कलेची ओढ आहे. ओढ कसली, तिला राग होता. आणि रागावलेल्या माणसाइतकं टक लावून दुसरं कुणी बघत नाही.

हात बसल्यावर मॅडमनी दुसरा धडा घेतला. चित्र होतं, आता त्याची खूण करायची. "तुमच्या हापशाची एक रेघ खोडा. मग जी बाई इथं नव्हती तिला बाहेर जाऊन दाखवा. तिनं हापसा म्हणून ओळखला, तर ती रेघ फुकटची होती. अजून एक खोडा. परत दुसरीला दाखवा. जी खोडल्यावर ओळख मोडते ती रेघ परत आणा. उरेल ती खूण. लक्षात ठेवा, आपल्याला काय वाटतं त्याला इथं किंमत नाही. समोरच्या बाईनं ओळखलं पाहिजे."

मंजूनं हापसा इतका सोलला की शेवटी दांडा, नळी आणि थेंब एवढंच उरलं, आणि बसस्टँडवरच्या भाजीवालीनं लांबूनच ओळखलं.

तांड्यात परत आल्यावर तिनं रामसिंगचा चेहरा काढायचा प्रयत्न केला. मिशा काढल्या, रुमाल काढला, ते हसू काढलं आणि कागद टराटरा फाडला. हे तिला माहीत होतं. दिसलं नव्हतं. मग दिसलं काय होतं? तिनं डोळे मिटले, पेन्सिल कागदावर टेकवली आणि त्या पहाटेच्या लुगड्यावरच्या उजेडाच्या कडेवरून डोळा चालवायला लागली. कडा गोल गेली, गोल गेली, आणि वर उजव्या अंगाला आत वळली. चांगली बोटभर आत वळली आणि परत बाहेर आली. रामसिंगची बॅटरी ट्रकवरून पडून तोंडाशी चेपलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो चेप उजेडातही उतरत होता. तिनं डोळे उघडले तेव्हा कागदावर एकच न तुटलेली रेघ होती. गोल, एका बाजूनं आत दबलेला.

दुसऱ्या दिवशी तिनं तो मॅडमना दाखवला.

"चंद्र?" मॅडम म्हणाल्या. "खाल्लेली भाकर? नाही? मंजू, ही खूण फसली. मलाच कळत नाही तर तांड्यातल्या बायांना काय कळणार?"

"होय मॅडम," मंजू म्हणाली, आणि कागद घडी करून कमरेला खोचला.

तांड्यात धनीबाई नावाची म्हातारी होती. उभी हयात ऊस तोडलेली, आणि शिव्या द्यायला लागली की गडी रस्ता बदलायचे. ती हापशावर पाणी भरत असताना मंजू शेजारी बसली आणि कोळशाच्या तुकड्यानं तिथल्या दगडावर तो गोल काढला.  धनीबाईनं बघितलं. तिचा हात आपोआप वर गेला आणि पदर छातीवर घट्ट ओढला गेला. मग तिनं पायानं तो गोल घासून पुसून टाकला.

"कोठी पायलं व तू हे?"

"तुमी कोठी पायलं, काकी?"

 घागर अर्धीच भरली होती, धनीबाई ती तशीच उचलून निघून गेली. तिखट जिभेची ती म्हातारी, जाताना तिची मान खाली होती. मंजूला तिची दया आली, आणि दयेच्याही वर एक घाणेरडा आनंद झाला. खूण फसली नव्हती.

मग ती घरोघर गेली. कुठं ताक मागायला, कुठं सुईदोरा द्यायला. बोलता बोलता पिठात, राखेत, ओल्या फरशीवर बोटानं गोल काढायचा आणि समोरच्या बाईच्या हाताकडे बघायचं. जी कधी ऊसतोडीला गेली नव्हती ती म्हणायची, हे काय बाई? जी गेली होती तिचा हात पदराकडे जायचा. एकीनं मंजूच्या हातावर चापट मारली. एक तशीच बसून रडली, आणि रडतानाही मंजूला विचारलं नाही की कशाचं चित्र आहे. फक्त एक घर मंजूनं सोडलं, ते रामसिंगचं. त्या घरात त्याची सून भागिरथा होती. डोक्यावरून घुंगट ओढलेली, सासऱ्यासमोर ब्र न काढणारी. त्या घरची ती, त्याच्या ताटातलं खाणारी. तिला काय विचारायचं? मंजू तिच्या दारावरून मान फिरवून जायची.

आणि एक दिवस रामसिंग स्वतः मंजूच्या दारात आला. म्हणतात ना, देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, तसलंच काहीसं झालं.

टोळी निघते तेव्हा सगळ्यांचे पाण्याचे ड्रम, पेट्या, गाठोडी एकाच ट्रकमध्ये कोंबली जातात. निळे ड्रम सगळे एकसारखे. उतरताना दरवर्षी मारामारी. वाचता येणारे थोडे, म्हणून नावं घालून उपयोग नाही. जो तो आपापल्या ड्रमावर काहीतरी फासतो आणि वाटेत ते पुसून जातं.

"तू म्हने खुना करतं," रामसिंग म्हणाला. नवीननं त्याच्यासाठी खाट टाकली होती. "टोळीच्या समद्या डरमाईवर काढून दे. ज्याची त्याले वळखू आली पायजे. झालं गेलं इसरून जाय. तू माही पोरगीच हायस."

नवीन बायकोच्या तोंडाकडे बघायला लागला. आता ही भडकणार, असं त्याला वाटलं. मंजूनं पदर सावरला.

"काढतो ना, काका," ती म्हणाली. "घरोघरची येगळी काढतो. अन् समद्याईवर टोळीची एक खून टाकतो. म्हंजे दुसऱ्या टोळीच्या मालात मिसळनार नाई."

"टोळीची कोनती?"

तिनं कागद दाखवला. रामसिंगनं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मंजू त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. आणि तिला एक गोष्ट कळून चुकली. हा माणूस आजवर त्या उजेडात काय दिसतं तेवढंच बघत आला होता. उजेडाकडे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"सोपी हाय," तो म्हणाला. "चालन. मोठी काढजो, लांबून दिसली पायजे."

नवीन खूश झाला. "झालं ना गोड आता?" त्यानं रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"व्हतेच आता गोड," मंजू म्हणाली.

रंजीताच्या पायाचा एक्स-रे घरात पडून होता. मंजूनं नणंदेकडे तो मागितला आणि काय करणार ते सांगितलं. तांड्यातल्या कुणालाही तिनं पूर्ण बेत सांगितला नव्हता, रंजीताला सांगितला. रंजीतानं ती काळी फिल्म उजेडात धरली आणि तिच्यातल्या स्वतःच्या मोडलेल्या हाडाकडे बघितलं.

"काप," ती म्हणाली. "मी धरतो."

ब्लेडनं फिल्म कापून छाप तयार झाला. त्यावरून ब्रश फिरवला की पांढरा चेपलेला गोल ड्रमावर ठसठशीत उमटायचा. तांड्यातल्या ड्रमांवर मंजूनं घरोघरच्या खुणा काढल्या. कुणाचा कंगवा, कुणाची चूल, धनीबाईच्या घरची पळी. आणि प्रत्येकाखाली तो गोल. टोळीतले बाकीचे कोयते आजूबाजूच्या तांड्यांतले. तिकडं कोण जाणार? रामसिंगला घाई होती. तो एक्स-रेचा छाप आणि रंगाचा डबा त्यानं स्वतःच्या मोटारसायकलला बांधला आणि तांड्या-तांड्यांतून हिंडून स्वतःच्या हातानं ते गोल उमटवून आला. आपल्या पांढऱ्या कपड्यांवर रंगाचे थेंब पडले म्हणून तो दारात येऊन कुरकुरत होता, आणि मंजू त्याला हात धुवायला पाणी देत होती. असं पाणी तिनं आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं.

गोलानं त्याचं काम केलं. आजवर प्रत्येक बाईला वाटत होतं की तो उजेड फक्त आपल्यावर पडला. आता शेजारणीच्या ड्रमावर तो गोल होता आणि शेजारीण त्याच्याकडे बघत नव्हती. हापशावर बाया थांबायला लागल्या. एकीनं दुसरीला विचारलं, तुह्यावर बी? त्यापुढं मंजूला काही सांगावं लागलं नाही.

ट्रक आले ते सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर. शेजारच्या तांड्यांतली माणसंही इथंच गोळा झाली होती. गड्यांनी ड्रम लोटत आणले आणि रस्त्याकडेला ओळीनं उभे केले. सगळ्यांवर पांढरे गोल. मग गडी ट्रकमध्ये चढले आणि बायकांना हात द्यायला वाकले.

बाया आल्या नाहीत. त्या आपापल्या ड्रमामागं उभ्या राहिल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्याच.

"चढा ना व," कुणीतरी ओरडलं. "काय तमाशा लावला?"

"आमी नाई येत," धनीबाई म्हणाली.

"कायले?"

"नाई म्हंजे नाई."

नवऱ्यांनी दम दिला, एकानं बायकोचा दंड धरला. तिनं तो झटकला आणि परत ड्रमामागं जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. रामसिंग आधी हसला, मग चिडला, मग त्याला घाम फुटला. बाया नाहीत म्हणजे कोयते नाहीत, कोयते नाहीत म्हणजे टोळी नाही, आणि टोळी नाही तर रामसिंग म्हणजे नुसते पांढरे कपडे.

फुलसिंग नायकाला बोलावणं गेलं. तो काठी टेकत आला आणि तिथंच, रस्त्यावर, नसाब बसली. त्यानं ड्रमांच्या ओळीवरून नजर फिरवली.

"मंजू, हे तुहं काम हाय. काय हाय हे?"

"नायक, तुमी मले इचारलं होतं, तोंड पायलं काय. मी तोंड नाई पायलं. जे पायलं ते हे हाय."

"पन हाय काय?"

"मी नाई सांगत. मी सांगतलं तं तुमी म्हनसान, एकटी मंजू बोलते. तुमी ह्याईले इचारा."

फुलसिंग बायांकडे वळला. बायांच्या माना खाली गेल्या. इथं मंजूचा हिशेब चुकला होता. ड्रमामागं उभं राहणं वेगळं, आणि भरल्या नसाबीत नवरा, दीर, सासरा यांच्यासमोर ती गोष्ट तोंडानं सांगणं वेगळं.  धनीबाईसुद्धा पुढं येईना, तसा रामसिंगला पुन्हा धीर आला.

"पाय, नायक," तो म्हणाला. "कायच नाई. हिनं बायाईचे कान भरले. गोलच तं हाय नुसता. कशाचा बी गोल."

तेव्हा रामसिंगच्या घराकडून भागिरथा आली. घुंगट हनुवटीपर्यंत ओढलेला. तिच्या डोक्यावर तिचा ड्रम होता. मुकादमाच्या घरचा ड्रम कुणाच्या मालात हरवायची भीती नाही, म्हणून त्यावर खूण नव्हती. तिनं तो ओळीत आणून टेकवला. मग मंजूपुढं हात केला. मंजूला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं पुसट खुणा गिरवायला आणलेल्या रंगाच्या डब्यातला ब्रश उचलून दिला. भागिरथानं छाप मागितला नाही. तिनं एकाच रेघेत, हात न उचलता तो गोल काढला, आणि वर उजव्या अंगाला तो बरोबर तिथंच आत वळवला.

तांड्यातली सून सासऱ्यासमोर बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून भागिरथाचा आवाज त्या तांड्यातल्या एकाही गड्यानं ऐकला नव्हता. तिनं घुंगट मागं टाकला आणि सरळ सासऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"मामाजी," ती म्हणाली, "ही तुमची बॅटरी हाय. माह्यावर बी पडत होती."

 ट्रकच्या टपावर बसलेला तिचा नवरा, रामसिंगचा मुलगा, हळूहळू खाली उतरला. तो बायकोकडे गेला नाही आणि बापाकडेही गेला नाही. मधे उभा राहिला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग धनीबाईच्या तोंडातून शिवी निघाली. एकच, पण तिच्या हयातीतली सगळ्यात मोठी. तिच्यामागोमाग दुसरी बाई बोलायला लागली, तिसरी बोलायला लागली, कुठल्या फडात, कुठल्या कोपीमागं, आणि फुलसिंग नायक दगडावर खाली बसला. रामसिंग काहीतरी म्हणत होता, पण ते त्याच्या शेजारच्या माणसालाही ऐकू येत नव्हतं. शेजारचा माणूस बाजूला सरकला होता.

ट्रक रिकामे गेले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट दिग्रसपासून मंगरूळपर्यंत पोचली असणार, कारण त्यांच्या ड्रायव्हरांना तोंडं होती. रामसिंग घरात गेला आणि त्याच्या दाराला आतून कडी लागली. फुलसिंग स्वतः नवीनच्या दारात आला, रंजीतासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पोरी, नसाब चुकली." रंजीतानं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं बघावं अशी अपेक्षा त्याचीही नसावी.

मंजूला वाईट वाटलं का? खोटं कशाला सांगा, अजिबात नाही. ती कडी लागल्याचा आवाज तिनं कान देऊन ऐकला होता. इतके महिने छातीत जे धगधगत होतं ते निवलं होतं आणि ती आपल्या ओसरीवर पाय पसरून बसली होती. तिला हसावंसं वाटत होतं.

तेवढ्यात भागिरथा आली. त्या घरात आता तिला जागा नव्हती, आणि माहेर लांब. कपड्यांचं एक गाठोडं तेवढं हातात. घुंगट अजून मागंच होता. मंजूनं पहिल्यांदा तिचा चेहरा नीट बघितला. वयानं रंजीताएवढीच.

ती ओसरीच्या पायरीवर उभी राहिली. वर आली नाही.

"तू समद्याईच्या घरी गेली," ती म्हणाली. "पिठात गोल काढला, राखेत काढला. मले दिसत होतं. मी रोज दारात उभी राहत होतो, का आज तू येशीन. माह्या घरी काहून नाई आली तू?"

 तू त्याची सून म्हणून, असं उत्तर होतं मंजूपाशी. बाकीच्या बाया रात्री तरी त्या माणसापासून लांब झोपत होत्या, ही पोर त्याच्याच कोपीत राहत होती, त्याला भाकर वाढत होती, आणि मंजू तिच्या दारावरून रोज मान फिरवून गेली होती.  सूड पुरा झाला होता आणि तिला त्या पोरीच्या डोळ्यांत बघता येत नव्हतं.

रंजीता आतून लंगडत आली, भागिरथाच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि तिला आत नेलं. मंजू बाहेरच बसून राहिली.